बिनमिठाची डावी बाजू

माझ्या हातच्या कोशिंबिरीबद्दल मी नम्र वगैरे नाही. माझी पुरणपोळी फाटते, लाडू कधी वळले जातात, कधी पसरतात, आणि माझ्या चकलीचं तर आमच्या घरात कुणी नावच काढत नाही. पण पानाची डावी बाजू माझी. चटणी, कोशिंबीर, रायतं, लिंबाची फोड, इथे मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं अजूनही तडकतं. हल्ली आमच्या सुना बाजारातून बाटल्या आणतात, काकडी-गाजराच्या चकत्यांवर त्यातलं दाट पांढरं काहीतरी ओततात आणि मला म्हणतात, "हे सॅलड. तब्येतीला चांगलं असतं." मी म्हणते, खा बापड्यांनो. पण तब्येतीला चांगलं काय असतं ते मी लढाईच्या दिवसांत भिंगारला शिकले, आणि ज्यांच्या तब्येतीवर शिकले ते माझे सासरे होते.

मी माहेरची कोल्हारची. वडील तिथे शाळामास्तर, प्रवरेच्या काठाला थोडी जमीन, दारात भाजीचे वाफे. लग्न होऊन भिंगारला आले तेव्हा सासरच्या आळीत माझी ओळख 'ती खेड्यातली' अशीच झाली. भिंगार म्हणजे छावणी, पलटणी, गोऱ्या साहेबांचे बंगले; त्या मानाने कोल्हार खेडंच, पण ते दुसऱ्यांनी म्हटलेलं मला खपायचं नाही. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "चुलीपाशी मी. तू डावी बाजू बघ." नव्या सुनेला चिरायचं-वाटायचं काम द्यायची रीतच होती. मला मात्र तो अपमान वाटला. म्हटलं, एवढीच माझी पत, तर डावी बाजू अशी करीन की उजव्या बाजूकडे कुणी बघणार नाही.

पण मामंजींपुढे माझी मात्रा चालेना. मामंजी म्हणजे माझे सासरे. छावणीच्या एका कचेरीत हेडक्लार्क होऊन नुकते निवृत्त झालेले, अंगानं भरदार, आवाज असा की समोरच्या घरातलं मांजर पळायचं. विलायतेला परत जाताना त्यांच्या साहेबानं त्यांना एक खोकं भरून बाटल्या दिल्या होत्या. साहेब लोक कच्च्या पाल्यावर घालतात तसल्या पांढऱ्या, आंबटगोड, दाट सॉसच्या. मामंजी त्याला 'इंग्रजी रायतं' म्हणायचे आणि ते सगळ्यावर ओतायचे. काकडीवर, उकडलेल्या बटाट्यावर, एकदा तर बाजरीच्या भाकरीवर. मी कोशिंबीर करावी, वर कोथिंबीर भुरभुरावी, आणि त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत बाटली उपडी करावी. मला रडू यायचं नाही, राग यायचा. त्यात अंडं असतं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. सासूबाई तर कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य करणाऱ्या. घरात इंग्रजी वाचणारे होते एकटे मामंजी, आणि बाटलीवरची अक्षरं त्यांनी कधी कुणाला मोठ्यानं वाचून दाखवली नाहीत.

दिवाळी झाली आणि त्यांच्या वहाणा त्यांना होईनाशा झाल्या. आधी आम्ही हसलो. मग जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली, आणि पायावर बोट दाबलं की खड्डा पडून तसाच राहायला लागला. नगरहून डॉक्टर आले. त्यांनी मामंजींना तपासलं, बाहेरच्या खोलीत येऊन हात धुतले आणि सासूबाईंना म्हणाले, "अंगात पाणी साठतंय. आजपासून मीठ बंद म्हणजे बंद. तळलेलं, तुपातलं बंद. ती बाटली तर घरात दिसायला नको, तिच्यात मीठही आहे आणि तेलही. हे पाणी उतरलं तर उतरलं. छातीत चढलं तर मग माझ्या हातात काही नाही."

सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. "होय," एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिला. तोवर मी त्यांच्या हुकमाकडेच बघत आले होते.

त्या दिवसापासून मामंजींचा स्वयंपाक अळणी व्हायला लागला. सासूबाई त्यांच्यासाठी वेगळं वरण, वेगळी भाजी करायच्या, स्वतःही अळणीच जेवायच्या. मामंजी चिडायचे, पण थोडंफार जेवायचे. आम्हाला वाटलं, जमलं. औषधाच्या बाटलीवर कागदाची नक्षी कापून लावलेली असायची, तिच्या खुणेप्रमाणे डोस जात होता. पण सूज हटेना. डॉक्टर दुसऱ्यांदा आले, पोटरीवर अंगठा दाबला, खड्डा पाहिला आणि भुवया वर करून म्हणाले, "मीठ कुठून तरी जातंय."

सासूबाईंनी देवाची शपथ घेतली. म्हणाल्या, माझ्या हातानं एक कण गेला असेल तर सांगा. त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि त्यांच्याच हातानं मीठ जात होतं.

त्याचं असं होतं. आमच्यात पान वाढायला सुरुवात मिठानं होते. पानाच्या डोक्याशी मधोमध चिमूटभर मीठ, मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग बाकीचं. मीठ वाढत नाहीत ते फक्त देवाच्या नैवेद्याला आणि पितरांच्या पानावर. जिवंत माणसापुढे मिठावाचून पान मांडायचं म्हणजे सासूबाईंच्या लेखी त्याचं मरण चिंतायचं. म्हणून सगळा स्वयंपाक काटेकोर अळणी करून त्या रोज मामंजींच्या ताटात जागच्या जागी चिमूटभर मीठ ठेवायच्या. "खायचं नाही हं, नुसतं असू दे," असं म्हणायच्या आणि चुलीकडे तोंड करून बसायच्या, कारण मामंजींचं ते नाक मुरडून जेवणं त्यांना बघवत नसे. चिमूटही त्यांची हेडक्लार्कच्या बायकोला शोभेल अशी ऐसपैस. इकडे मामंजी बोट ओलं करून ते मीठ टिपायचे, वरणात कालवायचे. ताट उचलायचं काम माझं होतं. ताटात भाजी उरलेली असायची, भात उरलेला असायचा, आणि मिठाची जागा तेवढी लख्ख.

आधी मी आमच्या यजमानांना सांगितलं. ते नगरला शाळेत शिकवायचे, पोरांना दरडावण्यात पटाईत. म्हटलं, "तुम्ही आईंना सांगा." ते म्हणाले, "बायकांच्या रीतीतलं मी काय बोलणार? तूच सांग हळूच." आणि टोपी घालून शाळेला गेले. त्यांच्या शौर्याबद्दल माझा काही गैरसमज नव्हताच.

मग मीच सांगितलं. हळूच वगैरे मला जमत नाही. म्हटलं, "सासूबाई, पानावरचं मीठ मामंजी खातात. रोज. ताट मी उचलते, मी बघते."

त्यांच्या हातातली पळी थांबली. "म्हणजे मी घालतेय त्यांच्या पोटात मीठ, असं म्हणायचंय तुला?"

"तुम्ही पानावर ठेवता. ते पोटात घालतात."

"मग काय, श्राद्धाचं पान मांडू त्यांच्यापुढे? ते बसलेत ना समोर, जिवंत? कोल्हारात मांडत असतील तसं. इथे नाही मांडत." त्यांचा आवाज फाटला. दुपारी पानं मांडायची वेळ झाली तेव्हा मी मिठाचं दगडी सट उचललं आणि माझ्या पाठीमागे, भिंतीशी ठेवलं. त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, "देणार नाही." त्या घरात तोवर सासूबाईंना नाही म्हणणारं कुणी जन्मलं नव्हतं.

पानाचा तो भाग मोकळा दिसायला नको, हे मलाही कळत होतं. मी पांढरे तीळ भाजून, कुटून एका वाटीत ठेवले होते. ती वाटी पुढे केली. "हे वाढा तिथे. पांढरंच आहे, पितरांच्या काळ्या तिळांसारखं नाही. पान मोकळं नाही आणि पितरांचंही नाही." त्यांनी चिमूट घेतली आणि मिठाच्या जागी ठेवली. माझ्याशी त्या दिवशी बोलल्या नाहीत.

मामंजींनी बोट ओलं करून तीळ टिपले, चाखले आणि ताट सरकवलं. "आता मीठसुद्धा नाही? यापेक्षा तुरुंग बरा." उठले. रात्रीही दोन घास खाऊन उठले, पुढचे चार-सहा दिवसही तसंच. काकडी चोचवून लिंबू पिळून ठेवली, तर माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "तिला सांग, गवत गोठ्यात घालतात." एरवी मी त्यावर मनातल्या मनात चार उत्तरं दिली असती. पण त्यांच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती, आणि पायाची सूज तशीच. सासूबाई चुलीशी बसून म्हणाल्या, मला म्हणाल्या की स्वतःला ते कळलं नाही, "पाणी उतरेल, पण माणूस उरायला हवा ना." आता मामंजींच्या जेवण्या-न जेवण्याची सगळी जबाबदारी माझ्या डोक्यावर होती. मीठ मी काढलं होतं. मला पहिल्यांदाच भीती वाटली.

कोनाड्यात मागच्या बाजूला एक अर्धी बाटली राहून गेली होती. डॉक्टरांच्या हुकमानंतर बाकीच्या देऊन टाकल्या, ही विसरली. मी ती काढली. एवढं काय आहे त्यात, की माणूस बाजरीच्या भाकरीवर ओतून खातो? बोटावर थेंब घेतला आणि चाखला. अंड्याचं पाप माझ्याही खात्यावर आहे ते असं. पहिल्यांदा आंबट लागलं, मग गोडसर, मग मीठ. आणि सगळ्यांच्या मागून हळूच, नाकाच्या आत, झणका. मी परत चाखलं. ती मोहरी होती! साहेबाच्या देशातून बोटीत बसून आलेल्या त्या थाटमाटाच्या बाटलीत आमची मोहरी होती, आणि तीही मिळमिळीत.

मोहरी फेसणं मला कुणी शिकवायला नको होतं. कोल्हारला आमच्या आईची फेसलेली मोहरी अशी असायची की पंगतीत ओळीनं माणसं डोळे पुसायची. मोहरी पाट्यावर वाटायची आणि थेंबथेंब पाणी घालून हातानं फेसत राहायची, हलकी होईपर्यंत. पाणी माठातलं गार हवं, कोमट घेतलं की मोहरी कडू होते, असं आई बजावायची. आणि दही लगेच मिसळायचं नाही, नाहीतर झणका वर यायच्या आधीच बसतो. जरा वेळ झाकून ठेवायची. झाकण काढल्यावर नाकात झिणझिण्या आल्या पाहिजेत. नाही आल्या तर परत फेसायची.

साय काढलेल्या दुधाचं दही मी पंच्यात बांधून खुंटीला टांगलं, म्हणजे त्या सॉससारखं दाट होईल आणि तेलाची गरज पडणार नाही. दारावर भाजीवाली आली. तिच्या पाटीतली काकडी मी नखानं टोचून बघायला लागले, तशी म्हणाली, "आवो, टोचता कशाला? सकाळीच तोडलीया. लई कवळी हाय, आत बी सुदिक न्हाई धरलं."

"मुळा तिखट आहे का?"

"व्हय तर. पर म्हाताऱ्या मानसाला दिऊ नगा, ठसका लागंल."

"लागू दे," मी म्हटलं.

पाट्यावर बसले. मोहरी फेसता फेसता माझ्याच डोळ्यांतून धारा लागल्या. सासूबाई येऊन बघून गेल्या. त्यांना वाटलं, मी रडतेय. झाकून ठेवलेली मोहरी टांगलेल्या दह्यात कालवली, गुळाचा खडा चुरला, आल्याचा रस घातला, भाजलेलं जिरं चुरडून टाकलं. काकडी आणि मुळा बारीक चिरून त्यात मिसळला. मिठाचा कण नाही, तेलाचा थेंब नाही. चाखून बघितलं आणि मला मीच शाबासकी दिली. माझी ती सवय आहे.

मामंजी पाटावर बसले ते कुणावर तरी उपकार केल्यासारखे. सासूबाईंनी तीळ वाढले, मी डावीकडे कोशिंबीर वाढली आणि दाराआड उभी राहिले. त्यांनी आधी वरणभाताला हात लावला, नाक मुरडलं. मग बोटाच्या टोकानं कोशिंबीर उचलली. तोंडात घातली. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग त्यांना अशी शिंक आली की चुलीशी पाठ करून बसलेल्या सासूबाई दचकून वळल्या. मामंजींचे डोळे पाण्यानं भरले होते. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता ताट भिंतीवर जातं.

"बाटली कुणी उघडली?" ते ओरडले. पण हात मात्र पुन्हा कोशिंबिरीकडे गेला होता.

"बाटली नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती सकाळपासून पाट्यावर बसलीय."

त्यांनी सगळी कोशिंबीर संपवली. मग उरलेल्या मोहरीच्या दह्यात भात कालवला. मग आमटीची वाटी ओढली. मी आत-बाहेर करत वाढत होते आणि माझी छाती फुगली होती, लपवावीशीही वाटत नव्हती. नगर जिल्ह्यात त्या दुपारी माझ्याएवढी ताठ मानेनं चालणारी बाई दुसरी नसेल.

मग मी थांबलेच नाही. रोज मोहरी दिली असती तर ते आठवड्यात कंटाळले असते. कधी चुक्याचा पाला बारीक चिरून ताकाच्या निवळीत, कधी कोबीवर चिंचेचा कोळ आणि तिळाचं कूट, कधी टोमॅटो चुलीत भाजून, कुस्करून, वर लिंबू आणि मिरपूड. टोमॅटोला सासूबाई बेलवांगी म्हणायच्या आणि त्यांचा त्यावर विश्वास नव्हता, पण एक दिवस स्वतःच भाजून माझ्यापुढे ठेवला. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मला आजवर कुणी सांगितली नव्हती. मीठ घातलं की काकडीला पाणी सुटतं आणि कोशिंबीर ओघळते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मीठच नसेल तर ती शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहते. मामंजींना तो कुरकुर आवाज आवडायचा. ते मुद्दाम मोठ्यानं चावायचे आणि विचारायचे, "आज डावीकडे काय?" जेवायला बसण्याआधी विचारायचे. उजवीकडे काय, ते कुणी विचारत नव्हतं. सासूबाईंनी एकदा मला म्हटलंच, "माझी भाजी आता तोंडी लावणं झाली." रागानं नाही म्हणाल्या.

सूज घोट्यापाशी आली, मग घोट्याची हाडं दिसली. एक दिवस मामंजी जिना चढून माळ्यावर गेले आणि तिथून उगीचच सगळ्यांना हाका मारल्या, धाप लागत नाही हे ऐकवायला. वहाणा पायात गेल्या तेव्हा त्या घालून अंगणात चकरा मारल्या.

संक्रांतीच्या सुमाराला डॉक्टर आले. आळीतल्या दोघी-तिघी बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्या तशाच ओसरीवर थांबल्या. डॉक्टरांनी मामंजींच्या पोटरीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला नाही. कातडी जागच्या जागी आली. डॉक्टरांनी दुसरा पायही दाबून बघितला, छातीला नळी लावली आणि मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "आता काळजी नाही. पथ्य मात्र असंच चालू ठेवा. खरं सांगतो, घरोघरी पथ्य सांगतो मी, पण असं कुणी पाळत नाही. हे श्रेय तुमचं."

मला वाटलं, त्या पदर सावरून मान हलवतील. दुसरं काय करणार? त्या घरातल्या सगळ्या गोष्टींचं श्रेय त्यांचंच असायचं, आणि मलाही त्याची सवय झाली होती. मी चहाचं बघायला आत वळले.

"माझं कसलं?" सासूबाई म्हणाल्या. आवाज मोठा होता, ओसरीवरच्या बायकांना ऐकू जाईल असा. "डॉक्टर, मी रोज त्यांच्या पानावर मीठ वाढत होते. शपथ घेऊन वाढत होते. पान मोकळं नको म्हणून. या पोरीनं मिठाचं सट माझ्या हातातून काढलं, माझं नको नको ते बोलणं ऐकून घेतलं, आणि डोळ्यांतून धारा लागेपर्यंत मोहरी फेसली. माझं कुंकू हिनं राखलंय."

मामंजींनी खाकरून खिडकीबाहेर बघितलं. पाया पडायला म्हणून मी वाकले, तर सासूबाईंनी मला दोन्ही खांद्यांना धरून अर्ध्यातच उभं केलं, आणि कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून सगळ्या बायकांच्या आधी मला कुंकू लावलं.